दाबलेलं बटण

डॉक्टरांनी विमान घेतलं तेव्हा ओळखीच्या लोकांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, दात उपटून इतकं मिळतं हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, या वयात माणसं गुडघ्यांना पट्टे बांधतात आणि ह्यांना पंख फुटलेत. विमान म्हणजे तरी काय, दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी केबिन, डोक्यावर पंख, नाकासमोर पंखा आणि खाली तीन चाकं. तेही जुनं, दुसऱ्याने वापरलेलं. आधीच्या मालकाने घातलेली सीटची कव्हरं अजून तशीच होती. पण रविवारी सकाळी डॉक्टर शेडचं दार सरकवत आणि पोटावर लाल पट्टा ओढलेलं ते पांढरं विमान उजेडात येई, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरे की टोमणा मारायला आलेला माणूसही विमान ढकलायला हात लावून परत जाई.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. या धंद्यात एक मोठी सोय असते. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. डॉक्टरांनी या सोयीचा आयुष्यभर पुरेपूर फायदा घेतला. दाढेत ड्रिल चालू असताना ते हवामानावर बोलत, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर बोलत, मधेच "बरोबर की नाही?" असं विचारत आणि पेशंटच्या घशातून निघालेल्या कसल्याही आवाजाला होकार समजून पुढे जात. "भुलीचं इंजेक्शन फुकट कशाला घालवता, तुमच्या बोलण्यानेच बधिर होतंय," असं एक पेशंट उठता उठता म्हणाला होता. डॉक्टरांनी तो किस्सा पुढे प्रत्येक पेशंटला हसत हसत सांगितला.

घरी आले की तोच किस्सा बायकोला. बायको ऐकत असे. ती ऐकायला इतकी चांगली होती की ती कधी बोलतच नाही हे लक्षात यायला डॉक्टरांना सवडच मिळाली नाही. मग एके दिवशी, थंडी पडायच्या सुमाराला, तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मी काही दिवस वेगळी राहीन म्हणते. नदीपलीकडे दोन खोल्या बघितल्यात." यावर कुठलाही नवरा 'का गं?' असं विचारेल. डॉक्टरांनी कुठली बॅग न्यावी यावर पाऊण तास भाषण दिलं. त्यांना वाटलं, विषय हलका करावा. ती बॅग घेऊन गेली. त्यांनी सांगितलेली नव्हे, दुसरीच.

आता डॉक्टरांना जगात एकच गोष्ट हवी होती, ती परत यावी. आणि येईपर्यंत कुणाला काही कळू नये, म्हणजे आल्यावर काही घडलंच नव्हतं असं वागता येईल. म्हणून विमानाच्या मैदानावर त्यांनी सांगून टाकलं, "ती मुलाकडे गेलीय परदेशात. नातू झालाय ना." मुलगा परदेशात होता हे खरं होतं. फक्त त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पण खोटं एकदा जन्माला आलं की त्याला वाढवावं लागतं. महिने जात होते तसा तो नातू मान धरू लागला, पालथा पडू लागला, आणि मैदानावरचे लोक, त्यातही शेजारच्या शेडमध्ये विमान ठेवणारे ठेकेदार, डॉक्टर दिसतील तिथे त्याची चौकशी करू लागले.

ते मैदान गावाबाहेर होतं. एक डांबरी धावपट्टी, तिच्या कडेला पाचसहा पत्र्याच्या शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी कापडी नळी आणि फ्लाइंग क्लबचं एका खोलीचं ऑफिस. ऑफिसातल्या बाई पावत्या फाडत, चहा करत आणि टेबलावरचा रेडिओ चालू ठेवत. इथे मोठ्या विमानतळासारखा मनोरा नाही, आता उतरा आणि आता थांबा असं सांगणारं कुणी नाही. ज्याने त्याने आपण कुठे आहोत, काय करतोय हे रेडिओवर सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. रेडिओवरची वाट सगळ्यांची एकच. हाताशी विमान वळवायचा दांडा असतो, त्याच्या टोकाला रेडिओचं बटण. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दाबलेलं असेल तोवर आपल्याला कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला नीट बोलताही येत नाही. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. डॉक्टरांनाही शिकवलं होतं.

त्या रविवारी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विमानाला प्रदक्षिणा घातली. पंखाखालच्या टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरलं, त्यात पाणी उतरलेलं नाही ना ते पाहिलं. तेलाची पट्टी पुसून बुडवली, पुन्हा काढून पाहिली. पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा ताणून बकल लावलं, कारण मोकळा पट्टा दांड्यात अडकू शकतो. हे नियमातच होतं. तरी ते रिकाम्या जागेला बांधताना डॉक्टरांचा हात दर वेळी थोडा रेंगाळे. मग त्यांनी चहाचा थर्मास दोन सीटांच्या मधे खोचला, बटण दाबून "निघतोय, पूर्वेकडे" असं सांगितलं आणि विमान हवेत गेलं.

वर आल्यावर त्यांना नेहमी एकदम मोकळं वाटे. रस्ते, छपरं, माणसं खाली राहत. घरात होतो तसा आवाजाचा तुटवडा इथे नव्हता, इंजिन आपलं घरघरत असे. वारा पडलेला होता. विमान हात सोडले तरी सरळ चाललं असतं. डॉक्टरांनी गुडघ्यांत दांडा धरून थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतला. नदीच्या अलीकडे हवेचा एक गचका बसला. थोडा चहा पँटवर सांडला, थोडा दांड्यावर. डॉक्टर चहात साखर सढळ हाताने घालत. पेशंटना दुसरं सांगत. रुमालाने त्यांनी आधी पँट पुसली, मग दांडा पुसला, चांगला दाबून पुसला, आणि विसरून गेले.

"तुझ्या हातचा चहा सांडला नसता," ते रिकाम्या सीटला म्हणाले. वर आले की ते तिच्याशीच बोलत. मोठ्याने. कानांवर हेडफोन असल्यामुळे स्वतःचा आवाज त्यांना छान, भरदार ऐकू येई. "म्हणजे तू कपात इतका भरतच नव्हतीस. मी म्हणायचो कंजूष आहेस. आता कळतंय."

नदी ओलांडली. पलीकडे जुनी वस्ती, तिच्यात एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या आणि गच्ची. जमिनीवरून त्या गल्लीत जायची डॉक्टरांची छाती नव्हती. गेलो आणि तिने दार उघडून नुसतं पाहिलं तर काय बोलायचं? बोलण्याची कमतरता त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती, म्हणून ते गेलेच नव्हते. पण आकाशातून जायला कुणाची परवानगी लागते? नियमात बसेल इतक्या उंचीवरून ते गच्चीभोवती एक सावकाश वळसा घेत आणि खाली दोरीवर वाळणारे कपडे बघत. तेवढ्यावर आठवडा काढत.

"निळी चादर. म्हणजे चादर बदललीस. तू दर आठवड्याला बदलतेस. मी नाही बदलली. तू गेल्यापासून एकदाच... नाही, खोटं कशाला बोलू, एकदाही नाही. कुठल्या कपाटात आहेत तेच माहीत नाही. विचारायचं होतं बुधवारी फोनवर, पण दुसरंच बोलत बसलो." त्यांनी विमान थोडं कलतं केलं. "आणि हे काय? दोन टॉवेल? दोन कशाला? आपल्या घरात तुझा एकच असायचा. म्हणजे मला एकच आठवतो. कुणी आलंय का राहायला? तुझी बहीण तर जिने चढत नाही. मग कोण? अगं, आहे का कुणी?"

वळसा पूर्ण झाला. कधी नव्हे तो त्यांनी दुसरा घेतला.

"सगळ्यांना सांगितलंय तू मुलाकडे गेलीस म्हणून. नातवाला बघायला. परवा ठेकेदार विचारतात, नातवाला दात आले का? मी म्हटलं, दोन आले, खालचे. मुलाचं लग्न नाही आणि मी नातवाला दात आणून बसलो." ते एकटेच हसले आणि मग हसू आपोआप थांबलं. "त्या ठेकेदारांना तर मी तीनदा दवाखान्यात बोलावलं. त्यांची दाढ ठणठणीत आहे. ऐंशी वर्षांचे होतील तरी हलायची नाही. नुसतं म्हटलं, पुन्हा एकदा बघू. पैसे नाही घेतले. संध्याकाळी घरी जायला नको वाटतं गं. कुलूप काढलं की घर असं गप्प असतं... मी टीव्ही लावतो. बघत नाही. तू का गेलीस ते मला कळलं असतं तर निदान त्याच्यावर काही करता आलं असतं. मी मारलं नाही, ओरडलो नाही, कशाला नाही म्हटलं नाही. मग का गेलीस?"

त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून पुसला. विमान आपलं सरळ चाललं होतं.

परतीच्या वाटेवर आकाशात कुणाचाच आवाज नव्हता. रविवार सकाळ आणि रेडिओ एवढा शांत? आज कुणीच उडालेलं दिसत नाही, असं त्यांना वाटलं. धावपट्टीजवळ आल्यावर त्यांनी शिस्तीत बटणावर अंगठा ठेवून "उतरतोय" म्हटलं, आणि तेवढ्यात त्यांना डोक्यावर ठेकेदारांचं भलं मोठं निळं विमान घिरट्या घालताना दिसलं. डॉक्टर दचकले. "हा बाबा रेडिओवर बोलत का नाही? असं गुपचूप कुणी फिरतं का?" असं म्हणत त्यांनी विमान खाली टेकवलं. झकास टेकवलं, जरासुद्धा उसळलं नाही.

शेडपाशी येऊन इंजिन बंद केलं तेव्हा क्लबचा मिस्त्री धावत आला आणि त्याने डॉक्टरांचं दार बाहेरून उघडलं. एवढ्या दिवसांत त्याने असं कधी केलं नव्हतं. ऑफिसातल्या बाई पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात चहाचा कप होता. इतर वेळी चहा हवा असला तर आत जाऊन स्वतः घ्यावा लागे.

"दमलात का डॉक्टर?" मिस्त्रीने विचारलं.

"दमायला काय झालं? बसूनच तर होतो."

मिस्त्रीने मान डोलावली, आत वाकला आणि दांड्याच्या टोकाला अंगठा लावला. बटण आत होतं, आतच राहिलं. त्याने नखाने उचकलं तेव्हा ते चिकट आवाज करत वर आलं. मिस्त्रीने बोट हुंगलं.

"चहा सांडला होता का?" तो हळू आवाजात म्हणाला.

डॉक्टर त्या बटणाकडे बघत राहिले. नदीच्या अलीकडे गचका बसला होता. दांडा दाबून पुसला होता. तिथपासून इथपर्यंत.

"कुणी ऐकलं?" त्यांनी विचारलं. मिस्त्री खिशातलं फडकं काढून बटण पुसू लागला. म्हणजे सगळ्यांनी.

एवढ्यात ठेकेदार आपलं विमान उतरवून तरातरा येताना दिसले. हा माणूस 'सुप्रभात' म्हटलं तरी भांडण वाटावं असा बोलायचा. डॉक्टरांनी अंग चोरलं. पण ठेकेदार जवळ येऊन थांबले, घसा खाकरला आणि त्यांना जमेल तितक्या हळू म्हणाले, "अहो, किती हाका मारल्या! बटण बघा, बटण बघा. तुमच्यापर्यंत पोचेल तर शपथ. तुम्हीच दाबून बसल्यावर दुसऱ्याने बोलायचं कसं? उतरतोय म्हणून सांगताही येईना. वर फिरत बसलो आपला."

"माफ करा," डॉक्टर म्हणाले.

"माफ कसलं! मी नुसता फिरलो. या बाईंनी तर उत्तरं द्यायला घेतली होती."

बाई पायरीवरून खाली आल्या. त्यांनी कप डॉक्टरांच्या हातात दिला. "मला माहीत होतं ऐकू जात नाहीये ते," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण तुम्ही इतके काकुळतीला येऊन विचारत होतात, राहवलं नाही. डॉक्टर, एक टॉवेल केसांचा असतो. न्हाल्यावर बांधायला. दुसरा अंगाचा. दोनच असतात बायकांचे. कुणी आलेलं नाही राहायला."

इतक्या वर्षांच्या संसारात डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. घरातही दोनच असणार, बाथरूमच्या दारामागे, रोज, त्यांच्या नाकासमोर.

"आणि मी गुरुवारी येतोय," ठेकेदार म्हणाले. "दाढ दाखवायला."

"तुमची दाढ चांगली आहे."

"ऐकलं मी. तरी येतो."

यापेक्षा ते चारचौघांत हसले असते तर डॉक्टरांना सोसलं असतं. हसणाऱ्याला उलट काहीतरी ऐकवता येतं. या तिघांच्या चेहऱ्यांवर कणव होती. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तसाच ठेवून त्यांनी विमान शेडमध्ये ढकललं, तिघांनी न सांगता हात लावला, आणि मग डॉक्टरांनी आतून दार ओढून घेतलं.

पत्रा तापायला लागला होता. डॉक्टर पुन्हा विमानात जाऊन बसले, पण आपल्या सीटवर नव्हे. का कोण जाणे, बकल सोडून ते तिच्या सीटवर बसले. विकून टाकू, त्यांनी मनाशी म्हटलं. या लोकांना पुन्हा तोंड दाखवायचं नाही. आता ही गोष्ट फिरत फिरत नदीपलीकडेही जाईल, तिच्या कानावर पडेल, आणि ती येणार असली तरी यायची नाही. कपडे बघायला विमान घेऊन येणारा नवरा कुणाला हवाय? त्यांना स्वतःचीच किळस आली आणि तिच्यावर रागही आला. निदान सांगायचं तरी होतंस. एक शब्द सांगायचा होतास.

या सीटवर ती एकदाच बसली होती. विमान नुकतंच घेतलं होतं तेव्हा. डॉक्टरांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवला होता आणि वर गेल्यापासून खाली येईपर्यंत तिला सगळं समजावून सांगितलं होतं, हा काटा कशाचा, तो काटा कशाचा, ढग कसे होतात. ती खिडकीतून बघत होती, मधे मधे हसत होती. उतरल्यावर डॉक्टरांनी पाहिलं तर तिच्या हेडफोनची वायर खाचेतून निघालेली, तिच्या हातात. "अगंबाई, सुटली वाटतं," ती म्हणाली होती. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून खाच घट्ट करून घेतली. मिस्त्री म्हणाला होता, खाच चांगली घट्ट आहे, अशी सुटायची नाही. डॉक्टरांनी त्यालाच वेड्यात काढलं होतं.

आता त्यांनी ती वायर हातात घेतली आणि हलकी ओढून पाहिली. निघेना. चांगला जोर लावून ओढावी लागली.

तिने ठरवून ओढली होती. वर, आकाशात, त्यांच्या शेजारी बसून. त्यांचा आवाज बंद करून तिने खिडकीतून एकटीने नदी बघितली होती, आणि तेव्हा ती हसत होती. जन्मभर बटण दाबून बसलो आपण, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग विमान विकायचा विचार बाजूला पडला. विमानाचा काही दोष नव्हता.

बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ते तिला फोन करत. हे तिनेच मान्य केलं होतं. ती कधी आपणहून फोन करत नसे, पण उचलायची. डॉक्टर दिवसभर मनात मुद्दे जमवत, कारण त्यांना वाटे की आपण गप्पा चांगल्या मारल्या तर तिला घरची आठवण येईल. विमानाच्या गमती, दवाखान्यातल्या गमती. पलीकडून 'हं' येई. मधे कधी 'हो का'. फोन ठेवताना डॉक्टरांना दर वेळी वाटे, आज काम थोडं पुढे सरकलं.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात उभे राहिले. टीव्ही लावला नव्हता. ओट्यावर सकाळचं पातेलं तसंच होतं. नंबर लावला.

"हॅलो," ती म्हणाली.

"मी," डॉक्टर म्हणाले. "कशी आहेस?"

आणि थांबले.

हे थांबणं त्यांना ड्रिलखाली बसल्यासारखं झालं. जिभेवर दहा गोष्टी आल्या. आजचं बटण, ठेकेदार, टॉवेल. टॉवेलचं तर सांगायलाच हवं होतं, ती हसली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पलीकडेही काही नाही. घड्याळाची टकटक ऐकू यायला लागली. त्या स्वयंपाकघरात घड्याळ आहे हे डॉक्टर विसरूनच गेले होते.

"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो? आवाज येत नाहीये. हॅलो?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात फोन कटला.

लाइन गेली असं तिला वाटलं होतं. साहजिकच होतं. त्यांच्याकडून शांतता येऊ शकते हे तिला कसं सुचणार? डॉक्टर फोनकडे बघत राहिले. पुन्हा लावावा, सांगावं, लाइन ठीक होती, मीच... आणि मग तिथून सुरू झालं असतं सगळं. त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि हात मागे बांधले.

फोन वाजला. पडद्यावर तिचा नंबर होता. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"अहो, लाइन गेली होती बहुतेक."

"नाही गेली. मी गप्प होतो."

"बरं नाही का तुम्हाला?" तिच्या आवाजात खरीच काळजी होती.

"बरं आहे. तू सांग."

"काय सांगू?"

"काहीही."

पलीकडे पुन्हा बराच वेळ काही नाही. डॉक्टरांनी ओट्याची कड धरली. फोन ठेवला तर ठेवला, पण आता आपण बोलायचं नाही.

"माझी एक दाढ काढली," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या तोंडात एकदम प्रश्नांची गर्दी झाली. कुठली, वरची की खालची, का काढली, कुणी काढली, एक्स-रे घेतला होता का, रूट कॅनाल झालं नसतं का? त्यांनी सगळे गिळले.

"बरेच दिवस दुखत होती. तुम्हाला सांगणार होते. दोनदा सुरुवातही केली. एकदा तुम्ही इंजिनात बर्फ कसा धरतो ते सांगत होतात. दुसऱ्यांदा काय होतं ते आता आठवत नाही. मग शेवटी स्टेशनासमोर दातांचा दवाखाना टाकलाय त्या मुलाकडे गेले. त्याने मला ओळखलं. म्हणाला, डॉक्टरांच्या मिसेस ना, तुम्ही इथे कशा? मी काही बोलले नाही. काढली त्याने. चालत घरी आले एकटी. तो बुधवार होता. संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. बोलताच येत नव्हतं. मी नुसती हं हं करत होते. मला वाटलं, आता विचारतील, काय झालं, अशी का बोलतेस. आयुष्य गेलं त्यांचं कापूस घातलेल्या तोंडांशी बोलण्यात, त्यांना लगेच कळेल. तुम्ही अर्धा तास बोललात. आणि ठेवताना म्हणालात, आज किती छान गप्पा झाल्या."

डॉक्टरांनी तो बुधवार आठवून पाहिला. एकेक करून सगळे बुधवार आठवून पाहिले. त्यांना तो इतरांतून वेगळा काढता आला नाही. सगळ्याच बुधवारी छान गप्पा झाल्या होत्या.

बाहेर अंधारायला लागलं होतं. ते दिव्याच्या बटणाकडेही गेले नाहीत.

"अहो," ती म्हणाली. "आहात ना?"

"आहे."

ती जरा वेळ थांबली. ते पुढे काही बोलतील म्हणून थांबली असावी. ते बोलले नाहीत. मग पलीकडे, शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत, तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.